जमीन झाकणारे झुडूप : चीनचे हनिसकल आणि खाडीकाठची कोयनेल

‘हनिसकल’ म्हणजे मधुमालती, असे मुलांना सर्रास सांगितले जाते. इंग्रजी कवितेत किंवा धड्यात हा शब्द आला की शिक्षकही तोच प्रतिशब्द देऊन पुढे जातात. पण आपल्या अंगणातली मधुमालती, म्हणजे संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होत जाणाऱ्या झुपकेदार फुलांची वेल, ही हनिसकल नव्हे. ती अर्जुन, हिरडा, ऐन यांच्या कुळातली. लिनियसने तिला ‘क्विसक्वालिस’ हे नाव दिले होते. त्याचा लॅटिन अर्थ ‘कोण? कसला?’ असा होतो, आणि हा प्रश्न तिच्या बाबतीत अजून संपलेला दिसत नाही! खरे हनिसकल म्हणजे ‘लोनिसेरा’ ही प्रजाती. तिच्यात सुमारे १८० जाती आहेत, त्या जवळजवळ सगळ्या उत्तर गोलार्धातल्या आणि बहुतेक थंड किंवा समशीतोष्ण प्रदेशातल्या. त्यात वेली आहेत तशी झुडपेही आहेत.

या झुडपांपैकी एक विलायती बागकामाच्या पुस्तकांत हमखास भेटते. ‘लोनिसेरा पिलेआटा’ हे त्याचे नाव. उंची फार तर गुडघ्याएवढी किंवा मांडीएवढी, फांद्या आडव्या पसरणाऱ्या, पाने बारीक, गर्द हिरवी आणि बहुतेक वर्षभर टिकणारी. फुले लहान, फिकट पिवळसर. पानांआड लपल्यामुळे चटकन दिसतही नाहीत. फळे मात्र जांभळी, काचेच्या मण्यांसारखी. झाडांच्या सावलीत, उतारावर, जिथे हिरवळ नीट धरत नाही अशा जागी जमीन झाकायला हे झुडूप लावावे, अशी शिफारस असते. मोकळी जमीन दिसू द्यायची नाही, तिच्यावर बुटक्या सदाहरित झुडपांचे पांघरूण घालायचे, ही ती कल्पना.

ही पुस्तके आपल्याकडेही वाचली जातात. रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहे परिसरात गेल्या काही दशकांत पुष्कळ बंगले झाले, शाळा-महाविद्यालयांची आवारे झाली, कारखान्यांच्या वसाहती झाल्या. त्या प्रत्येक ठिकाणी डोंगर किंवा टेकाड कापून उघडी पडलेली तांबडी माती असते आणि ती झाकायला काय लावावे हा प्रश्न असतो. म्हणून या चिनी हनिसकलचा इतिहास आधी पाहू, आणि मग तेच काम आपल्या खाडीकाठी करणाऱ्या एका झुडपाचा.

‘लोनिसेरा’ हे नाव आडाम लोनित्सर या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ लिनियसने दिले. त्या काळच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथकारांपैकी हा एक. पिलेआटाची कथा मात्र खूप नंतरची आहे आणि तिचा एक धागा थेट भारतात येतो. हिमालयातील एका हनिसकल झुडपाचे वर्णन नॅथॅनिएल वॉलिच याने १८२४ साली ‘लोनिसेरा लिगुस्ट्रिना’ या नावाने छापले. लिगुस्ट्रिना म्हणजे ‘लिगुस्ट्रमसारखी’, आणि लिगुस्ट्रम म्हणजे युरोपात कुंपणाला लावतात ते ‘प्रिव्हेट’. हे ‘प्रिव्हेटसारखी’ लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. वर्णन ज्या ग्रंथात आले तो रॉक्सबर्गचा ‘फ्लोरा इंडिका’. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर हा ग्रंथ श्रीरामपूरच्या छापखान्यातून काढणारा संपादक होता विल्यम केरी. मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठीचा कोश १८१० साली छापणारा तोच हा केरी! मराठी शिकवणाऱ्यांना केरी व्याकरणकार म्हणून ठाऊक असतो. त्याचे वनस्पतींचे वेड बहुधा ठाऊक नसते.

पिलेआटाला स्वतःचे नाव मिळाले १८८७ मध्ये. ऑगस्टीन हेन्री हा चीनमध्ये जकात खात्यात नोकरीला असलेला आयरिश गृहस्थ. मध्य चीनच्या डोंगरांतून त्याने वाळवून पाठवलेल्या नमुन्यांवर लंडनजवळच्या क्यू उद्यानात काम चाले. तिथल्या डॅनिएल ऑलिव्हरने हे झुडूप नवी जात म्हणून नोंदवले. वाळलेला नमुना बागेत लावता येत नाही. जिवंत रोप इंग्लंडात आणले अर्नेस्ट विल्सन याने, १९०० साली, व्हीच या प्रसिद्ध रोपवाटिकेसाठी. त्याचाच भाऊबंद असलेले ‘लोनिसेरा निटिडा’ विल्सननेच १९०८ मध्ये आणले. हे दुसरे झुडूप कातरून कुंपण करायला उत्तम ठरले. आजचे चिनी वनस्पतितज्ज्ञ या दोन्हींना वॉलिचच्या लिगुस्ट्रिनाचेच प्रकार मानतात. म्हणजे व्हीचच्या रोपवाटिकेने ‘चीनहून आणलेली नवलाई’ म्हणून जे विकले, त्या जातीचे नामकरण पाऊणशे वर्षे आधी बंगालमध्ये होऊन गेले होते.

विल्सनची चिनी झुडपे इंग्लंडातल्या बागांतून पसरत होती त्याच काळात रोह्यात वाढलेला एक विद्यार्थी केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकत होता. चिंतामणराव देशमुख १९१५ मध्ये तिथे गेले आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवून पदवीधर झाले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, त्यामुळे त्यांचे हे वनस्पतिशास्त्र मागे पडले. रोह्याच्या शाळांमधून ते आवर्जून सांगायला हवे असे आम्हाला वाटते.

जमीन झाकणाऱ्या झुडपांची फॅशन इंग्लंडात खऱ्या अर्थाने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तोपर्यंत मोठ्या बागांतून माळ्यांची फौज असे. तण उपटायला, वाफे खणायला माणसे होती तोवर मोकळी, काळी, नीट उकरलेली माती हे चांगल्या बागेचे लक्षण मानले जाई. माणसे मिळेनाशी झाली, मजुरी वाढली, तेव्हा माती झाकून टाकणे सोयीचे ठरले. मार्जरी फिश या बागकाम-लेखिकेचे या विषयावरचे पुस्तक १९६४ साली आले. थोडक्यात, या पांघरुणामागचे मुख्य कारण तण आणि मजुरी हे होते, पाऊस नव्हता. लंडनला वर्षभरात मिळून सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बाराही महिने थोडा थोडा, रिपरिप.

पेण-रोह्याकडे साधारण ३००० मिलिमीटर पडतो, तो मुख्यतः चार महिन्यांत. इथे प्रश्नच निराळा होतो. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटरपर्यंत असतो. उघड्या मातीवर असा थेंब पडला की मातीचे कण उडतात. सपाट जागी ते चहूकडे सारखे उडतात, पण उतारावर खालच्या बाजूला अधिक दूर जाऊन पडतात. शिवाय सुटे झालेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरेनासे होते आणि वाहू लागते. उतारावरची माती वाहून जाते ती नुसत्या वाहत्या पाण्याने नव्हे, तर आधी थेंबांच्या माराने सुटी झाल्यामुळे. थेंब पानावर फुटला, तिथून ओघळून किंवा थोड्याच उंचीवरून खाली आला, तर त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. उंच झाडाचा याला फारसा उपयोग नाही. सात-आठ मीटरांवरच्या पानावरून गळणारा थेंब पुन्हा बराच वेग घेतो, आणि असे साठून गळणारे थेंब आकारानेही मोठे असतात. सागाखाली पावसाळ्यात उभे राहून पाहिले आहे का? म्हणून जमिनीलगतचे पांघरूण हवे, आणि ते पहिल्या पावसाच्या आधीपासून हवे. इथेच सदाहरित असण्याला अर्थ येतो. आपल्याकडचे गवत उन्हाळ्यात वाळून जाते आणि जूनच्या पहिल्या सरी उघड्या मातीवर पडतात.

मग पिलेआटा लावावे का? पेणला ते निभणार नाही. त्याचे मूळ घर मध्य चीनमधले डोंगर, तिथे हिवाळा खरोखरीचा थंड असतो. समशीतोष्ण प्रदेशातल्या झुडपांच्या वाढीचे वेळापत्रक थंडीवर बसवलेले असते. कोकणात एप्रिल-मेच्या रात्रीही उबदार आणि दमट असतात. अशा रात्री श्वसन जोरात चालू राहते आणि दिवसा पानांनी तयार केलेल्या साखरेचा मोठा भाग त्यातच खर्च होतो. त्यानंतर चार महिने मुळांशी पाणी. हिमालयाच्या उतारावर ते सुखाने वाढेल. सह्याद्रीच्या पायथ्याशी नव्हे.

आता खाडीकडे वळू.

पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत खारेपाट पसरला आहे. भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालायचे, आतली जमीन काही पावसाळे गोड्या पाण्याने धुऊ द्यायची आणि मग तिथे भात घ्यायचा, ही इथली जुनी शेती. रोह्याच्या बाजूलाही कुंडलिकेच्या खाडीलगत अशा जमिनी आहेत. खाडीकडचा मुख्य बांध म्हणजे ‘बाहेरकाठा’. आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी ठेवलेले दार म्हणजे ‘उघाडी’. आणि उधाणाने बांधाला भगदाड पडले की ‘खांड’ गेली म्हणायचे. कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ साली निघाले. त्यात या जमिनींच्या धारापद्धतीला ‘शिलोत्री’ हे नाव दिलेले सापडते. बांध कोणी घालायचा, कोणी राखायचा, आणि त्याबद्दल कोणाला काय मिळायचे, याच्याशी ती पद्धत बांधलेली होती. पुढे १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, आणि त्यानंतर १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ मध्ये. एवढ्या सगळ्या स्थित्यंतरांत बांध मात्र मातीचेच राहिले, आणि मातीच्या बांधाला दरवर्षी कोकणचा पाऊस सोसावाच लागतो.

या बांधांच्या कडेला, तिवरांची रांग संपते आणि कोरडी जमीन सुरू होते त्या पट्ट्यात, एक गर्द हिरवे झुडूप आडवेतिडवे पसरलेले दिसते. पाने समोरासमोर, लंबगोल, जाडसर आणि तुकतुकीत. फुले बहुधा तिनाच्या गुच्छात. पांढरी बारीक नळी बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, आणि तिच्या तोंडातून बाहेर झेपावलेले चार लालजांभळे पुंकेसर. काटा एकही नाही. हीच कोयनेल. तिला वनजाई म्हणतात आणि लहान खारी नारवेल असेही एक नाव आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ती वेगळ्या रूपात ठाऊक असेल: जुन्या बंगल्यांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारातले कात्रीने सरळ कापलेले हिरवे कुंपण. बागांमधून कातरून केलेले हत्ती-मोरही पुष्कळदा हिचेच असतात. बांधावर लोळणारे हे झुडूप आणि फाटकाशी ताठ उभे असलेले ते कुंपण एकच, हे सांगितल्यावर अनेकांना नवल वाटते.

कोयनेलची छापील नोंद हनिसकलच्या त्या झुडपांहून खूप जुनी आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या पाचव्या खंडात, १६८५ साली, कोयनेलचे चित्र ‘नीर-नोचिल’ या नावाने आले. ‘नीर’ म्हणजे पाणी, आणि ‘नोच्ची’ हे मलयाळममध्ये निर्गुडीचे नाव. पाण्याकाठची निर्गुडी! पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी निर्गुडी आणि कोयनेल यांना एकाच कुळात घातले आणि आज दोन्ही तुळशीच्या कुळात मानल्या जातात. खाडीकाठच्या लोकांनी पाने-फांद्या पाहून जे नाते ओळखले होते ते शास्त्राच्या कसोटीला उतरले.

या ग्रंथाशी आपलाही संबंध आहे. रीडला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. नागरी अक्षरे छापल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

लिनियसने १७५३ मध्ये कोयनेलला ‘व्होल्कामेरिया इनर्मिस’ असे नाव दिले. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र, काटे नसलेली. फोल्कामर हा न्यूरेंबर्गचा वैद्य. म्हणजे हनिसकल काय आणि कोयनेल काय, दोघी मिरवतात जर्मन वैद्यांचीच नावे. पस्तीस वर्षांनी गेर्टनर या फळांच्या अभ्यासकाने तिला ‘क्लेरोडेंड्रम’ प्रजातीत टाकले. दोनशेहून अधिक वर्षे ती तिथे होती, आणि आपल्या रोपवाटिकांत ती अजूनही क्लेरोडेंड्रॉन किंवा नुसती ‘इनर्मी’ याच नावाने मागितली जाते. मग २०१० साली डीएनएच्या तुलनेवरून असे दिसले की ही आणि तिच्या जवळच्या काही जाती बाकीच्या क्लेरोडेंड्रमांपासून वेगळ्या शाखेवर आहेत. तेव्हा लिनियसचे जुने नाव परत आले. विद्यार्थी कधी कधी विचारतात, शास्त्रीय नावे सतत का बदलतात? त्यांच्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. पुरावा बदलला की नाव बदलते. इथे तर पुरावा बदलून नाव माघारी आले.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद घेणारे लोक कोण होते हेही पाहण्यासारखे आहे. मुंबई परिसरातील वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ साली निघाली, ती जॉन ग्रॅहम या टपालखात्यातील अधिकाऱ्याची. १८६१ चा ‘बॉम्बे फ्लोरा’ डाल्झेल आणि गिब्सन यांचा. त्यातला डाल्झेल सुरुवातीला जकात खात्यात होता, तर गिब्सन डॉक्टर. दोघेही पुढे इलाख्याच्या वनखात्याचे प्रमुख झाले. आणि १९०१ ते १९०८ या काळात निघालेला, आजही वापरात असलेला ग्रंथ लिहिणारा थिओडोर कुक हा पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे आजच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्राचार्य! त्याच काळात मुंबईत बागाही उभ्या राहत होत्या. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यानविद्या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली. साहेबांच्या बंगल्यांना कुंपण हवे होते ते मायदेशासारखे: बुटके, दाट, कातरता येणारे. मायदेशातले बॉक्स आणि प्रिव्हेट इथल्या उन्हात टिकत नव्हते. त्यांच्या जागी ज्या झुडपांनी काम भागवले त्यांत कोयनेल होती, आणि इंग्रजीत तिला नावच पडले ‘इंडियन प्रिव्हेट’. वॉलिचने हिमालयातल्या हनिसकलला ‘प्रिव्हेटसारखी’ म्हटले होते ते आठवते ना? दोन वेगळ्या कुळांतली दोन झुडपे, दोन टोकांच्या हवामानांतली, आणि दोघींची ओळख तिसऱ्याच एका विलायती झुडपावरून.

खाऱ्या मातीतले झुडूप पुण्याच्या गोड्या मातीत कसे वाढले? मुलांनी हा प्रश्न विचारावा असाच आहे. कोयनेलला मीठ सोसते. मीठ लागते असे नाही. या दोन गोष्टींत फरक आहे. बागेतल्या सुपीक मातीत ती उलट अधिक जोमाने वाढते. मग रानात ती खाडीकाठीच का सापडते? कारण गोड्या, सुपीक जमिनीत तिच्याहून वेगाने वाढणारी, उंच होऊन सावली धरणारी झाडे तिला टिकू देत नाहीत. बांधावरच्या खारट, कधी भिजलेल्या तर कधी भेगाळलेल्या मातीत हे प्रतिस्पर्धी हरतात. वनस्पती जिथे दिसते तीच तिची आवडती जागा, असे आपण फार सहज गृहीत धरतो. बागेत माळी प्रतिस्पर्ध्यांना उपटून टाकतो, म्हणून ती तिथे राज्य करते.

बाहेरून आणलेल्या पांघरुणांचा इतिहास मात्र एवढा सरळ नाही. अमेरिकेतून आलेली घाणेरी, टणटणी, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात १८०७ च्या सुमारास शोभेचे झुडूप म्हणून आली. कुंपणाला छान, फुले रंगीत, गुरे खात नाहीत, असे सगळे गुण तिच्यात होते. पक्ष्यांनी फळे खाल्ली, बिया रानभर झाल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतातील सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर वनक्षेत्रात ती पसरली आहे. रोह्याच्या आसपासच्या रस्त्यांच्या कडांनी ती पाहायला मुद्दाम शोधावी लागत नाही. हनिसकलचेही असेच झाले. जपानी हनिसकल १८०६ मध्ये अमेरिकेत नेले गेले आणि पुढे रस्त्यांच्या उतारांवर मातीची धूप थांबवायला म्हणून लावले गेले. आता तिथल्या पूर्वेकडच्या राज्यांत ते जंगलातली लहान झाडे गुरफटून टाकणारे तण समजले जाते.

आणि आज पेणच्या किंवा रोह्याच्या रोपवाटिकेत ‘जमीन झाकायला काहीतरी द्या’ म्हणून सांगितले तर बहुधा वेडेलिया मिळते, तुकतुकीत पानांची, पिवळ्या फुलांची. तीही उष्ण अमेरिकेतली. पेरापेरावर मुळे धरते, एखादा तुकडा ओढ्यात पडला तरी पुढे जाऊन रुजतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींची जी यादी २००० साली केली गेली, तिच्यात घाणेरी आणि वेडेलिया दोन्ही आहेत. बागेतले पांघरूण निवडताना जे गुण आपण मागतो ते असे: लवकर पसरावे, काही न घालता वाढावे, गुरांनी खाऊ नये, फांदी टेकेल तिथे मुळे धरावीत. रानात माजणाऱ्या झुडपाचेही गुण हेच असतात! म्हणून झुडूप कुठून आले आहे हा प्रश्न शोभेपेक्षा महत्त्वाचा आहे. कोयनेलमध्ये यातले बहुतेक गुण आहेत. पण ती इथलीच आहे. इथल्या किडी, इथली बुरशी, इथली झाडे तिच्या ओळखीची आहेत आणि हजारो वर्षांत ती खाडीकाठाच्या पट्ट्याबाहेर फारशी गेलेली नाही.

तिचा बागेतला उपयोग मात्र आपण अर्धाच शिकलो. साहेबाने तिला उभी करून कातरली, आपण तसेच चालू ठेवले. बांधावर ती आडवी वाढते. लांब फांद्या वाकून मातीला टेकतात, टेकल्या तिथे मुळे फुटतात, पुढचे टोक पुन्हा उठते. हे दाबकलम ती स्वतःच करत असते. उतारावर पांघरूण हवे असेल तर तिला हेच करू द्यायचे. मृगाच्या आगेमागे वीतभर लांबीची जून छाट कलमे हात-दीड हाताच्या अंतराने लावावीत. उताराला आडव्या ओळी धराव्यात आणि एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील मोकळ्या जागेसमोर यावे. पहिल्या वर्षी तण काढावे लागते, यातून सुटका नाही. फांद्या हातभर झाल्या की त्या कापायच्या नाहीत, उताराला आडव्या वाकवून वर मूठभर माती आणि दगड ठेवायचा. सरळ वर उठणारे शेंडे तेवढे वर्षातून दोनदा खुडावेत. कलमे जुन्या कुंपणावरून घ्यावीत, खाडीतून नव्हे. कांदळवन तोडण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहेच. पण तो नसता तरी बांधाची कड उघडी करून शाळेचा उतार झाकण्यात काय अर्थ?

तिच्याकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. बांधावरची कोयनेल पावसाच्या माराने होणारी झीज कमी करते, एवढेच. उधाणाची लाट ती अडवत नाही. ते काम बाहेरच्या तिवरांचे. खेकड्यांनी आतून पोखरलेला बांध तिच्या मुळांनी सावरत नाही, आणि वेळेवर न बांधलेली खांड तर कुठल्याच झुडपाने भरत नाही. पेणच्या खारेपाटात खांडी जाऊन खारे पाणी शेतात शिरले, भात गेले आणि तिथे तिवरे उगवली, अशा जमिनी आहेत. त्यामागे दुरुस्तीचे पैसे, मजूर आणि जबाबदारी यांचे प्रश्न आहेत.

वर्गात करून पाहण्यासारखे मात्र बरेच आहे. दोन सारख्या पसरट ट्रे घ्याव्यात, दोन्हींत सारखीच तांबडी माती सारखीच दाबून भरावी, एकीवर कोयनेलच्या पानाळ फांद्या आडव्या पसराव्यात. दोन्ही ट्रे सारख्याच कलत्या ठेवून झारीने मोजून पाणी ओतावे. झारी आधी वीतभर उंचीवर आणि मग डोक्याएवढ्या उंचीवर धरावी. खाली काचेच्या बाटल्यांत जमलेले पाणी रात्रभर निवू द्यावे आणि तळाशी बसलेल्या गाळाची उंची पट्टीने मोजावी. सातवी-आठवीची मुले हे सहज करतात, आणि उंचीचा परिणाम पाहिल्यावर सागाखालच्या थेंबांचा उलगडाही त्यांचा त्यांनाच होतो.

कातरलेल्या कुंपणाला फुले क्वचित येतात, कारण कळ्या धरणारे शेंडेच कात्रीत जातात. आडव्या वाढू दिलेल्या कोयनेलला ती भरपूर येतात. फुले संध्याकाळी उमलतात, त्यांना मंद वास असतो, आणि एवढ्या लांब नळीच्या तळाशी असलेला मध लांब सोंडेच्या पतंगांनाच गाठता येतो. वेलींच्या जातीची पुष्कळशी खरी हनिसकल आणि आपली मधुमालती यांची फुलेही अशीच, सायंकाळी उमलणारी, लांब नळीची. तीन निराळी कुळे, पण गिऱ्हाईक एकाच प्रकारचे. मग बोराहून लहान, हिरवी फळे धरतात. ती वाळली की चार फाकी सुट्या होतात, प्रत्येकीत एक बी, आणि पाठीवर बुचासारखा हलका थर. घागरभर पाण्यात टाकून पाहिल्या तर त्या तरंगतात. भारताच्या किनाऱ्यापासून चीन, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत कोयनेल आढळते, ती या बुचांच्या जोरावर. पेणच्या बांधावरून गळलेल्या फाकीही ओहोटीच्या पाण्याबरोबर धरमतरकडे जात असतात.